कानबाईची घासणी आणि नानांची काळी गाडी

"मी पॉलिशचं काम करतो," असं सांगितलं की समोरचा माणूस आधी स्वतःच्या बुटांकडे बघायचा. मग मी म्हणायचो, "बुटाचं नाही हो, गाडीचं." त्यावर त्याचा चेहरा आणखीच गोंधळायचा. गाडीला पुन्हा कसलं पॉलिश? पाणी मारा, फडका मारा, झालं! आता तुम्हाला खरं सांगतो, त्या फडक्यानेच माझं घर चालवलं. देव त्या फडक्याचं भलं करो.

मी मूळचा बोदवडचा. जळगावला एका गॅरेजात रंगकाम शिकलो आणि धुळ्याला पारोळा रस्त्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. खानदेशातली धूळ तुम्हाला माहीत असेलच. रात्रभर गाडीवर तिचा थर बसतो. सकाळी ड्रायव्हर येतो, काखेतून कोरडा फडका काढतो आणि गोल गोल फिरवत धूळ झटकतो. धूळ म्हणजे बारीक वाळूच की! ती फडक्याखाली फिरते आणि रंगावर केसासारखे ओरखडे ओढत जाते. सावलीत काही दिसत नाही. गाडी उन्हात आणा, की सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणल्यागत गोल गोल रेघा चमकायला लागतात. धुळ्यात एका साहेबांचा ड्रायव्हर इतका कष्टाळू होता, की सकाळ-संध्याकाळ दोनदा फडका मारायचा. साहेब त्याचं कौतुक करायचे, आणि मी त्याहून जास्त.

या रेघा काढायच्या कशा, हे ऐका. ओरखडा उपटून काढता येत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग घासून घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. सगळं एका पातळीत आलं की ओरखडा नाहीसा. म्हणजे दरवेळी थोडा रंग जातो. गाडीवर रंग असतो तरी किती? नखाएवढासुद्धा जाड नाही. कडेला, कोपऱ्याला तर त्याहून पातळ. हात चुकला की खालचं लाल अस्तर दात काढून हसतं.

हे काम मी ज्या मशीनने करायचो, ते जळगावच्या एका हार्डवेअरवाल्याने मला गळ्यात मारलं होतं. त्याच्यावर कंपनीच्या नावाची पट्टी होती, पण पट्टीवर नाव नव्हतं. मुळात लोखंड घासायचं मशीन ते. त्याला पुढे रबराची तबकडी, तबकडीला लोकरीची टोपी, आणि टोपीला रंग घासायचं दुधासारखं कंपाउंड. वेग एकच, तोही सुसाट. बटण दाबलं की झटका देऊन पळायला बघायचं, म्हणून दिवसभर त्याला पोटाशी कवटाळून धरावं लागे. आमची मंडळी त्याला 'सवत' म्हणायची. "आज सवत गरम झाली का?" असं जेवताना विचारायची. व्हायची ना, रोज व्हायची. वर शॉकही द्यायची.

पण या सवतीला ताब्यात ठेवणारा एक वाली खानदेशात होता, आणि तो म्हणजे आमचा विजेचा दाब. शेतात मोटारी चालू झाल्या की दाब पडायचा, दुकानातला बल्ब पिवळा व्हायचा आणि मशीन शहाण्यासारखं हळू फिरायचं. तेव्हा रंग जळत नाही. सगळं गाव कमी दाबाच्या नावाने बोटं मोडायचं आणि मी बल्बकडे बघत मनात म्हणायचो, अजून थोडा पड रे बाबा. बल्ब पिवळा तर काम चालू, बल्ब पांढरा तर चहा. असं माझं शास्त्र होतं.

या शास्त्राची परीक्षा शिंदखेड्याजवळच्या एका गावात झाली. तीच गोष्ट सांगायची आहे.

श्रावण लागला होता, नागपंचमी नुकतीच झाली होती. भिकन नावाचा ड्रायव्हर एसटीने माझ्या दुकानी आला. डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊ, गाडी आंधयी व्हई गई."

गाडी आंधळी होते म्हणजे काय होतं, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळेना. म्हणून सवतीला गोणपाटात गुंडाळलं आणि त्याच्याबरोबर निघालो. एसटीच्या कंडक्टरने गोणपाट उघडायला लावलं, मशीनकडे पाहिलं आणि मला मागच्या बाकावर एकटं बसवलं. वाटेत भिकन मागे येऊन बसला आणि त्याने हकीकत सांगितली.

गावात नाना म्हणून मोठे बागायतदार. त्यांनी बरीच वर्षं नंबर लावून काळी अँबॅसिडर मिळवली. गाडी दारात आली तेव्हा नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांना गाडी म्हणजे दारातलं एक काळं ढगासारखं काहीतरी दिसायचं. रोज सकाळी ते बॉनेटवरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "डोया उनात का पहिले मी मनी गाडी दखसू." दृष्टी आली की आधी गाडीच बघणार, आणि हे अक्कांच्या समोर. अक्का म्हणजे नानांची बायको. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज असा की नदीपलीकडची गुरं थांबावीत. त्या म्हणायच्या, "दखा, दखा. आमले मंग दखा." नाना सुरतेला मुलाकडे गेले, तिथे ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. आता शनिवारी दुपारच्या गाडीने शिंदखेडा स्टेशनवर उतरणार होते आणि रविवारी घरी कानबाई बसणार होती.

कानबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घराघरांत ही देवी बसते. नारळाला नथ घालून, नटवून तिला नवरीसारखं बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी नदीवर पोचवायची. ती यायच्या आधी घर असं साफ करायचं की विचारू नका. भिंती पोतारायच्या, गोधड्या धुवायच्या, माळ्यावरचं भांडंसुद्धा खाली काढून घासायचं. घरातली एकही वस्तू सुटता कामा नये.

आणि अक्कांनी एकही वस्तू सोडली नव्हती.

मी अंगणात पोचलो आणि गाडी पाहिली. आई गं! चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळी गाडी पितळी हंड्यासारखी घासलेली. गोल गोल, मन लावून, तसूभर जागा न सोडता. काळा रंग करडा पडला होता. मी आयुष्यभर ड्रायव्हरांचे फडके पाहिले, पण असं परिपूर्ण काम कुणाचं पाहिलं नाही.

"गाडी बी घरनीच शे ना?" अक्का मलाच दरडावून म्हणाल्या. "मंग तिले काबरं सोडानी? वल्ली व्हती तवय आरसामायक दिसे. सुकनी आनि असं व्हई गयं."

तेच तर! ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. पाणी त्यांत भरतं आणि गाडी लख्ख वाटते. अक्का पाणी मारत, घासत, खूश होत पुढे गेल्या, आणि मागे मागे गाडी वाळत आली.

मी विचारलं, "नाना फार रागावतील का?"

"त्यासना रागले कोन भ्यास!" अक्का म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली गेला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "नवा डोया लई येतसं ते. गाडी दखसू, गाडी दखसू करेत. मी म्हनं, अशी चमकाडी ठेवू का त्यासनं मन भराले पाहिजे. आते काय दखाडू त्यासले?"

हे ऐकल्यावर माझी थट्टा करायची इच्छा गेली. आत्तापर्यंत मनातल्या मनात हसत होतो, खोटं कशाला सांगू.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घेतली, सवत बाहेर काढली, वायर जोडली आणि वर बल्बकडे पाहिलं. पांढराशुभ्र! दोन दिवस चांगला पाऊस झालेला, शेतात कुणी मोटार कशाला लावेल? वीज फुल दाबाने वाहत होती. डिकीच्या कोपऱ्यावर जरा टोपी टेकवली, तर चर्र आवाज आला, जळका वास आला आणि बोटभर लाल अस्तर उघडं पडलं. मी मशीन उचललं आणि खाली बसलो.

"काय व्हयनं?" अक्का.

"अक्का, वीज जास्त आहे. दाब कमी पाहिजे."

अक्कांनी माझ्याकडे बघून भिकनकडे पाहिलं. हा माणूस बरा आहे ना, असं त्या नजरेत होतं. "आठे बठ्ठा गाव लाईटसाठे रडस," त्या म्हणाल्या, "आनि तुले कमी पाहिजे?"

मी बल्बचं शास्त्र सांगितलं. अक्का ऐकत होत्या. मध्येच त्यांनी समोरच्या गल्लीकडे पाहिलं. तिथे दगडूची विजेवरची पिठाची गिरणी होती. "दगडू गिरनी चालू करस तवय आमना बल्ब मरस," त्या म्हणाल्या. "मरस का नही रे भिकन?"

"मरस ना अक्का. रोज मरस."

झालं! अक्का पदर खोचून उठल्या.

कानबाईला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, लागतात. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने गहू मोजायचे, निराळे दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या माणसाला त्यातला तुकडा मिळत नाही. गावाचं हे रोटाचं दळण शनिवारी व्हायचं होतं. अक्कांनी ते शुक्रवारी, म्हणजे त्याच घटकेला, सुरू करायचं ठरवलं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी जी हाक मारली, ती मला अजून ऐकू येते. अर्ध्या तासात गिरणीसमोर टोपल्यांची रांग लागली. दगडूने गिरणी धुतली, पुसली, पट्टा चढवला. फट् फट् करत गिरणी सुरू झाली आणि शेडमधला बल्ब पिकल्या केळीसारखा पिवळा झाला. मी बटण दाबलं. सवत गरीब गायीसारखी फिरायला लागली.

पण एक अडचण होती. रोटाचं दळण एका घराचं दुसऱ्यात मिसळून चालत नाही. एक टोपली झाली की दगडू गिरणी थांबवायचा, झाडायचा आणि मग दुसरी टोपली. गिरणी थांबली की बल्ब भपकन पांढरा आणि सवत सुसाट! म्हणून भिकनला दारात उभा केला. तिकडे पीठ संपत आलं की तो ओरडायचा, "भाऊ, घर बदलनं!" मी मशीन उचलायचो. बल्ब पिवळा झाला की परत टेकवायचो. त्या दिवशी गावात कुणाच्या घरी किती गहू पडले हे मला गाडीवरून सांगता आलं असतं. मोठ्या घरात अख्खा दरवाजा व्हायचा, लहान घरात आरशाच्या दांडीएवढंच.

शनिवारी सकाळी रोटाचं दळण संपलं आणि माझं बॉनेट राहिलं. बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा! अक्कांनी घरातली ज्वारी पाठवली. ज्वारी संपली. मग अक्का दळलेलं पीठच डब्यासकट घेऊन गिरणीवर गेल्या.

दगडू म्हणाला, "अक्का, हाई तं पीठ शे."

"मले बारीक पाहिजे."

"याना बारीक काय करसू?"

"दय म्हनं ना!"

दगडूने दळलं. परत दळलं. त्या पिठाची भाकरी थापताच आली नाही, असं मी पुढे ऐकलं. पण बॉनेट झालं.

मशीनचे स्वतःचेही धूसर डाग उरतात, ते शेवटी हाताने, मऊ कापडाने काढायचे. मी जुनं मलमल मागितलं. घाईत अक्कांनी दांडीवरचं नानांचं धोतर ओढलं आणि टरकन फाडलं. ते जुनं नव्हतं. पण मी कोण सांगणारा?

दुपारी भिकन गाडी घेऊन स्टेशनवर गेला. अक्का दारात उभ्या. एरवी सगळ्या गावाला उभं-आडवं करणारी बाई, पण तेव्हा नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मी म्हटलं, "अक्का, गाडी चांगली झालीय." त्या म्हणाल्या, "तुले दिसस ते नको सांगू. त्यासले काय दिसस ते दखू."

गाडी आली. नाना उतरले. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. घरात न जाता ते गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आले आणि बॉनेटसमोर थांबले. वाकले. बराच वेळ वाकून राहिले. 

"मना केस इतला पांढरा कवय व्हयनात?" नाना म्हणाले.

अक्कांच्या तोंडून सुटलेला श्वास मी अंगणाच्या या टोकाला ऐकला. "गाडी खोटं बोलत नही," त्या म्हणाल्या. परत आवाज चढला होता.

तेवढ्यात नानांचं बोट समोरच्या चकचकीत पट्टीवर गेलं. पट्टीच्या फटीत राख अडकली होती. माझ्या नजरेतून सुटलेली! नानांनी ती बोटावर घेतली. "हाई काय?"

"अंगारा शे," अक्का क्षणाचा उशीर न करता म्हणाल्या. "कानबाईना."

नानांनी बोट कपाळाला लावलं, डोळे मिटले, नमस्कार केला. भिकन तोंडात टोपी कोंबून शेडमागे पळाला. मी कंपाउंडने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेलो. नानांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हाऊ गिरनीवरना का?" सगळे हो म्हणाले.

पुढच्या वर्षी श्रावण लागला आणि माझ्या दुकानासमोर काळी अँबॅसिडर थांबली. नाना एकटेच मागे बसलेले. काच खाली करून म्हणाले, "शुक्रवारे ये. तुनी अक्का गाडी घासाले काढी राहिनी. मी सुरतले जास. आनि यंदा धोतर तुना घरनं आन."

मी उभ्या उभ्या गार. म्हटलं, "नाना, तुम्हाला कधी कळलं?"

"कानबाई रविवारे बसस. शनिवारे अंगारा कठेन उना?" नाना गालात हसले.

"मग अक्कांना सांगा ना, राखेने घासू नका म्हणून."

नानांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मना डोयासाठे घासी तिनी. तिले कसं सांगू?"

झालं, तेव्हापासून दरवर्षीचा नेमच पडला. नाना कानबाईच्या आधी मुद्दाम सुरतेला जायचे, घरची एकही वस्तू सुटायला नको म्हणून अक्का राख आणि काथ्या घेऊन गाडी घासायच्या, मला गुपचूप बोलावणं यायचं, दगडू गिरणी धुवायचा. नवऱ्याला काही कळत नाही म्हणून अक्का खूश, बायकोला काही कळत नाही म्हणून नाना खूश. दोघांची फसवाफसवी सांभाळणारा मी एकटा. एका वर्षी अक्कांनी माझ्या ताटात रोट वाढला. भाऊबंदांत कुजबुज झाली. नाना म्हणाले, "घरनी गोष्ट जो पोटमा ठेवस, तो घरनाच." मी पुरता फसलो, कारण माझ्या पोटात गोष्टी दोन होत्या, अक्कांनी नानांपासून लपवलेली आणि नानांनी अक्कांपासून लपवलेली. रोट मात्र गोड लागला.

रंग मात्र दरवर्षी थोडा थोडा जात होता. बॉनेटच्या कडांना लाली दिसायला लागली. मी नानांना सांगितलं, आता फार वेळा नाही जमायचं. ते म्हणाले, "जमस तवलोंग कर."

मग एका श्रावणात ऐन वेळी सवत जळाली. आतली तार जळून दुकानभर धूर झाला आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत कानबाई नदीवर पोचलीही होती. त्या वर्षी गाडी अक्कांनी घासली तशीच राहिली. नाना काय बोलले, अक्का काय बोलल्या, मला ठाऊक नाही. त्याच हिवाळ्यात अक्का गेल्या. थोड्या दिवसांचा ताप झाला आणि गेल्या.

पुढच्या श्रावणात मला कुणी बोलावलं नाही. तरी मी गेलो. तोपर्यंत वेग कमी-जास्त करता येणारं नवं मशीन घेतलं होतं, गिरणीची गरज उरली नव्हती. अक्कांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, कानबाई बसणार नव्हती. नाना शेडमध्ये खाटेवर बसले होते आणि समोर गाडी. अंगभर गोल गोल रेघा. मी मशीन बाहेर काढलं आणि वायर सोडवायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले.

"नाना, हळू फिरणारं मशीन आहे. एवढं एकदा होईल. रंग पुरेल."

"ऱ्हाऊ दे रे सुकदेव. तिना हात शे तो."

मी मशीन परत पिशवीत घातलं.  हात रिकामे ठेववेनात, म्हणून म्हटलं, निदान धूळ तरी काढतो. फडका लावला नाही. बादलीने वरून नुसतं पाणी सोडलं. गाडी काळी कुळकुळीत झाली, एक रेघ दिसेना. नाना एकदम खाटेवरून उठले, चष्मा सारखा करत जवळ आले, वाकून बघायला लागले.

"कोठे गयं बठ्ठं?" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"कुठे नाही गेलं नाना. ओलं आहे ना, म्हणून दिसत नाही. सुकलं की येईल."

ते परत खाटेवर बसले. मला हाताने शेजारी बसवलं. "सुकू दे मंग," म्हणाले. बाहेर ऊन पडलं होतं, दगडूची गिरणी चालू होती. आम्ही दोघं गाडी वाळायची वाट बघत बसलो.